जस्ताची गोळी आणि तांब्याचा हिशेब

गेल्या महिन्यात तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका विश्रामबागेतल्या माझ्या औषधांच्या दुकानात आले. झिंकच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट काउंटरवर ठेवून म्हणाले, "ताई, हीच द्या. तीन पाकिटं." गोळी ५० मिलिग्रॅमची होती. कधीपासून घेताय, असं विचारलं तर म्हणाले, "कोरोनापासनं. तवा डॉक्टरांनी लिहून दिलती." मग बंद का नाही केली? "बंद करा असं कुणी म्हटलंच नाही की."

त्याच आठवड्यात नोकरी करणारी एक मुलगी मोबाईल पुढे करून उभी राहिली. रीलमध्ये एक बाई सांगत होत्या की थकवा, केस गळणं, चिडचिड हे सगळं अंगात तांबं साठल्यामुळे होतं आणि ते बाहेर काढायला झिंक घ्यावं. मुलीने तांब्याच्या बाटलीतलं पाणी बंद केलं होतं आणि झिंक सुरू करायला आली होती.

दोघांचा प्रश्न एकच आहे, फक्त टोकं वेगळी. झिंक म्हणजे जस्त आणि कॉपर म्हणजे तांबं. हे दोन्ही धातू शरीराला लागतात. पण एक वाढवला की दुसरा ढळतो, ही गोष्ट गोळी देणारे आम्हीही लोकांना पुरेशी सांगत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

पितळेतली जोडी

घरातलं जुनं पितळी पातेलं म्हणजे तांबं आणि जस्त एकत्र वितळवून केलेला धातू. आपल्या पेशींमध्येही ही जोडी शेजारी शेजारी बसलेली सापडते. श्वासातला प्राणवायू पेशीत वापरला जाताना चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे काही घातक रेणू तयार होतात. ते विझवायला शरीराकडे एक विकर असतं. विकर म्हणजे शरीरातली रासायनिक कामं झटपट उरकणारं प्रथिन. या विकराचं नाव सुपरऑक्साइड डिस्म्युटेज असं लांबलचक आहे, आपण त्याला 'विझवणारं विकर' म्हणू. त्यात जस्त सांगाडा धरून ठेवतं आणि प्रत्यक्ष विझवण्याचं काम तांबं करतं. हे विकर पुढे पुन्हा येणार आहे.

बाकी कामं वाटून घेतलेली आहेत. वाढ, जखम भरणं, तोंडाची चव, त्वचा आणि रोगप्रतिकारशक्ती यांसाठी जस्त लागतं. तीनशेहून जास्त विकरं त्याच्यावर चालतात. तांबं लागतं ते लोह जागच्या जागी पोचवायला, नसांवरचं आवरण टिकवायला, केसांना-कातडीला रंग द्यायला आणि रक्तवाहिन्यांना चिवटपणा द्यायला.

प्रमाण मात्र फार वेगळं आहे. मोठ्या माणसाच्या अंगात जस्त दोन-तीन ग्रॅम असतं आणि तांबं जेमतेम एक दशांश ग्रॅम. रोजची गरजही तशीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला १७ आणि बाईला १३.२ मिलिग्रॅम जस्त हवं. तांबं एक-दोन मिलिग्रॅम मिळालं की भागतं. साठाच एवढा लहान म्हटल्यावर तांब्याचा तोल आधी जातो.

आतड्यात नेमकं काय होतं

दोन्ही धातू एकाच दारातून शिरतात, म्हणून भांडतात, असं साधारण सांगितलं जातं. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं. पण गोष्ट एवढीच असती तर गोळी सकाळी आणि तांबं असलेलं जेवण रात्री घेऊन भागलं असतं. तसं होत नाही.

जस्त जास्त आलं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सावध होतात आणि ते धरून ठेवणारं एक प्रथिन भराभर तयार करतात. त्याचं नाव मेटॅलोथायोनिन. ही जणू पेशीच्या आत बांधलेली कोठडी. बांधली जस्तासाठी, पण तिची पकड तांब्यावर जास्त घट्ट बसते. जेवणातून आलेलं तांबं पेशीत शिरतं, कोठडीत अडकतं आणि पलीकडे रक्तात पोचतच नाही. आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी झडून नवं येतं. जुन्या पेशी झडल्या की कोठडीसकट तांबंही शौचावाटे निघून जातं. गोळी रोज सुरू असेल तर नवीन पेशीतही पुन्हा कोठडी तयारच असते.

या यंत्रणेचा औषध म्हणून चांगला उपयोगही होतो. विल्सनचा आजार म्हणून एक आनुवंशिक दुखणं आहे. त्यात यकृताला जादाचं तांबं बाहेर टाकता येत नाही आणि ते यकृतात, मेंदूत साठत जातं. डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी-हिरवट कडंही दिसू शकतं. किनिअर विल्सन या डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. अशा रुग्णांना तांबं शोषलं जाऊ नये म्हणून मुद्दाम जस्त देतात, तेही आयुष्यभर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणजे रीलमधल्या बाई सांगत होत्या तो उपाय खरा आहे, फक्त या दुर्मीळ आजाराच्या माणसांसाठी.

"पण जस्त कमी असणं हाही मोठा प्रश्न आहे ना?"

आहे, आणि तो आपल्याकडे चांगलाच आहे. जस्ताची कमतरता माणसात ओळखण्याचा मान बिहारमध्ये जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांच्याकडे जातो. १९५८ मध्ये इराणमधल्या शिराझला त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा तरुण आला, दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा. जेवण म्हणजे जवळपास नुसती रोटी, आणि माती खाण्याची सवय. त्या रोटीच्या गव्हात जस्त नव्हतं असं नाही, ते लागू होत नव्हतं.

हा मुद्दा काकांना समजावताना मला फारसं बोलावं लागलं नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त असूनही वेलीला मिळत नाही, पानं बारीक राहतात, घडात मणी लहान-मोठे होतात, हे त्यांनी बागेत पाहिलेलं आहे. झिंक सल्फेट डीएपी खताबरोबर मिसळू नये, त्यातलं स्फुरद म्हणजे फॉस्फरस जस्ताला बांधून टाकतं, हेही त्यांना पाठ. धान्यात आणि डाळींत तसंच एक स्फुरदाचं संयुग असतं, फायटेट. आतड्यात ते जस्ताला बांधून ठेवतं. म्हणून भाकरी-चपातीवर राहणाऱ्यांना जस्त जास्त लागतं आणि आपल्याकडची शिफारसही त्यामुळेच परदेशापेक्षा चढी आहे.

यावर आपल्या घरात उपाय आधीपासून आहेत. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी फायटेट कमी होतं. मोड आलेली मटकी, नाचणीची आंबील, इडली-डोसा ही त्यातलीच.

लहान मुलांच्या जुलाबात तर जस्त जीव वाचवतं. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी शिफारस केली की ओआरएसबरोबर सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम जस्त द्यावं, त्याहून लहान बाळाला १०. आपल्याकडे हा कोर्स चौदा दिवसांचा असतो. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की बरेच आईबाप गोळी बंद करतात, आणि मला प्रत्येकाला थांबवून सांगावं लागतं की चौदा दिवस पुरे करा. तेवढ्याने बाळाचं तांबं कमी होत नाही. हा लेख वाचून कुणी ती गोळी बंद केली तर मला फार वाईट वाटेल.

तांबं कमी पडलं की काय होतं

सगळ्यात आधी रक्तावर दिसतं. लोह साठ्यातून काढून रक्तपेशी बनवण्याच्या जागी पोचवायला तांब्याचं विकर लागतं. ते नसेल तर लोह असूनही हिमोग्लोबिन घसरतं. मग लोहाच्या गोळ्या सुरू होतात, एका कंपनीच्या झाल्या की दुसऱ्या कंपनीच्या, आणि आकडा काही हलत नाही. पांढऱ्या पेशीही कमी होतात.

दुसरा फटका नसांना आणि मज्जारज्जूला बसतो आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. तळपायाला मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. पाय जमिनीवर कुठे पडतोय हे डोळ्यांनी बघावं लागतं, म्हणून अंधारात चालताना किंवा तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. हुबेहूब बी-१२ च्या कमतरतेसारखं. बी-१२ तपासतात, ते बरोबर येतं आणि तपास तिथेच अडतो. जस्त थांबवून तांबं दिलं की रक्त काही आठवड्यांत सुधारतं. नसा मात्र पूर्ण सुधारतीलच असं नाही. कित्येकांचं दुखणं वाढायचं थांबतं एवढंच.

अमेरिकेत काही रुग्णांना असा त्रास झाला आणि कारण कित्येक दिवस सापडेना. शेवटी ते कवळी चिकटवायच्या क्रीममध्ये निघालं. त्यात जस्त होतं आणि कवळी सैल झाल्यामुळे ही माणसं ती क्रीम भरमसाट वापरत होती. २००८ मध्ये डॉक्टरांनी हे प्रसिद्ध केलं आणि पुढे काही क्रीममधून जस्त काढलं गेलं. यात गोळी कुणी घेतलेलीच नव्हती. म्हणून जस्त कुठून कुठून येतंय ते मोजावं लागतं.

लठ्ठपणासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनाही तांबं कमी पडू शकतं, कारण ते शोषणारा भागच वगळला जातो. अशांनी झिंक स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नये.

किती म्हणजे जास्त?

जेवण आणि गोळ्या मिळून दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर जस्त रोज जाऊ नये, अशी मोठ्या माणसांसाठी मर्यादा आहे. युरोपची मर्यादा तर २५ वर थांबते. हा ४० चा आकडा आला कुठून, ते बघण्यासारखं आहे. निरोगी बायकांना दहा आठवडे रोज ५० मिलिग्रॅम जस्त दिल्यावर त्यांच्या रक्तपेशींतलं ते विझवणारं विकर कमी झालं. म्हणजे जस्ताची मर्यादा जस्ताच्या विषबाधेवरून ठरलेली नाही, तांबं ढळायला लागतं त्या ठिकाणावरून ठरली आहे. आणि ५० मिलिग्रॅम म्हणजे काकांची रोजची एक गोळी.

डोळ्यांच्या पडद्याचा म्हातारपणीचा आजार वाढू नये म्हणून जी गोळी देतात, तिच्या मूळ मोठ्या चाचणीत रोज ८० मिलिग्रॅम जस्त होतं. निकाल २००१ मध्ये आले. त्या डॉक्टरांनी गोळीत २ मिलिग्रॅम तांबं मुद्दाम घातलं होतं, जस्तामुळे रक्त कमी होऊ नये म्हणून. जास्त जस्त देणाऱ्या जाणकारांनी तांब्याची सोय आधी केली होती. आपल्या बाजारातल्या साध्या झिंकच्या गोळीत ती नसते.

पाकिटावरचा आकडा कसा वाचायचा

इथे माणसं हमखास गोंधळतात. पाकिटावर लिहिलेलं असतं, 'झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ५५ मिलिग्रॅम', आणि खाली बारीक अक्षरात 'एलिमेंटल झिंक २० मिलिग्रॅम'. पहिला आकडा क्षाराचा, दुसरा त्यातल्या खऱ्या जस्ताचा. हिशेब नेहमी दुसऱ्या आकड्याचा धरायचा.

शेतकऱ्याला हे लगेच उमगतं. झिंक सल्फेटचं पोतं घेताना २१ टक्क्यांचं की ३३ टक्क्यांचं हे बघितल्याशिवाय कुणी पैसे देत नाही. वजन तेच, आतलं जस्त वेगळं. गोळीचंही तसंच.

मी काकांना रोज काय काय घेता ते सगळं घेऊन या म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते कॅरीबॅग घेऊन आले. झिंकची गोळी, ५० मिलिग्रॅम. मुलाने पुण्याहून पाठवलेली मल्टिव्हिटॅमिनची कॅप्सूल, क्षार ६१.८ आणि खरं जस्त २२.५ मिलिग्रॅम. ताकद यावी म्हणून दुधात घालायची पावडर, एका मापात १० मिलिग्रॅम. बिलाच्या कागदाच्या पाठीवर मी बेरीज करून दाखवली. साडेब्याऐंशी, जेवणातलं सोडून. आणि तिन्हींमध्ये तांबं शून्य.

"मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊन भरून काढू?"

हा प्रश्न काकांनीच विचारला. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाणी सोळा तास तांब्याच्या भांड्यात ठेवलं होतं. जुलाबाचे जंतू त्यात मेले आणि पाण्यात लिटरमागे साधारण ०.१८ मिलिग्रॅम तांबं उतरलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. म्हणजे तांब्यातलं साधं पाणी पिणाऱ्याने घाबरायचं कारण नाही, आणि रोज ८० मिलिग्रॅम जस्त गिळणाऱ्याने त्या पाण्यावर भरवसा ठेवायचंही कारण नाही. ते तांबंही त्याच कोठडीत जाऊन अडकतं.

आंबट मात्र तांब्या-पितळेत ठेवू नये. बिनकल्हईच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी कळकते हे आपल्या आज्यांना माहीत होतं. कल्हईवाल्याची हाळी आली की घरातली पातेली बाहेर निघायची, ती उगीच नाही.

याची एक दुःखद बाजू आपल्याच महाराष्ट्रातून पुढे आली. पूर्वी देशात लहान बाळांना यकृत कडक होण्याचा एक जीवघेणा आजार व्हायचा. पुण्याच्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी बाळांना काय आणि कशातून पाजलं जातं याचा माग काढला. अंगावरचं दूध लवकर सोडवून, तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं वरचं दूध दिलं गेल्याचं अशा घरांतून दिसलं. १९८३ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. दूध तांबं ओढून घेतं आणि बाळाच्या यकृताला ते झेपत नाही. स्टीलची भांडी घरोघरी आली आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. बाळाचं दूध स्टीलमध्येच तापवा. याला अपवाद नाही.

आणि शेतातल्या मोरचुदाबद्दल, म्हणजे कॉपर सल्फेटबद्दल, थोडंसं. बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणातलं तांबं आणि पोटात लागणारं तांबं धातू म्हणून एकच असलं, तरी मोरचूद पोटात जाणं म्हणजे विषबाधा. झिंक सल्फेटच्या पोत्यालाही तेच लागू.

"तांबी बसवली आहे, त्याने तांबं वाढतं का?"

हे त्या रीलवाल्या मुलीने हळू आवाजात विचारलं. तांबीतून रोज सुटणारं तांबं जेवणातल्या तांब्याच्या मानाने अगदी थोडं असतं. विल्सनचा आजार असेल तर तांबी बसवत नाहीत, बाकीच्यांनी या कारणाने काढायची गरज नाही.

तिने बाहेरून 'कॉपर-झिंक रेशो' तपासून घेतला होता आणि त्यात तांबं जास्त दिसत होतं. पण ताप, सूज, संसर्ग असेल तर रक्तातलं तांबं आपोआप वाढतं आणि जस्त उतरतं. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही तांबं वर जातं. ही मुलगी त्या गोळ्या अलीकडेपर्यंत घेत होती आणि तपासणीच्या दिवशी तिला सर्दी-ताप होता. जस्त तर जेवणानंतरही खाली येतं, म्हणून ते सकाळी उपाशीपोटी तपासायचं. एका कागदावरच्या भागाकारावरून अंगात विष साठलंय असं ठरवता येत नाही. केसांवरून होणाऱ्या तपासणीवर तर मी मुळीच विसंबणार नाही. त्यापेक्षा तिने आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ बघावं असं मी सुचवलं. थकव्याची आणि केस गळण्याची कारणं तिथे सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

ताटात हा तोल कसा सांभाळला जातो

तीळ, कारळं, शेंगदाणे, काजू, हरभरा, मसूर यांत जस्त असतं तिथे तांबंही असतं. तिळाची चटणी भाकरीबरोबर खाताना कुणाला हिशेब करावा लागत नाही, दोन्ही एकत्रच येतात. मटणात जस्त भरपूर आणि तांबं कमी, पण त्याच बोकडाच्या कलेजीत, म्हणजे यकृतात, तांबं खूप. रोजच्या मिसळत्या जेवणाने जस्ताची मर्यादा ओलांडली, असं सहसा होत नाही. एकच धातू सुटा काढून, रोज, महिनोन्‌महिने पोटात जातो तो गोळीतूनच.

गोळीला माझा विरोध नाही, ती विकूनच माझं घर चालतं. पण झिंकच्या गोळीला सुरू करण्याची तारीख असते तशी संपवण्याचीही हवी. डॉक्टर लिहून देतील तेव्हाच विचारा, किती दिवस? त्यांनी कारणासाठी जास्त दिवस दिली असेल तर स्वतःहून बंद करू नका, तांब्याचं काय, एवढं विचारा.

काकांना मी पायाचं विचारलं. जरा थांबून म्हणाले, "मुंग्या येत्यात. पण ते साखरेनं असंल म्हणून सोडून दिलं." साखर असेलही. पण मी त्यांना ती बेरजेची चिठ्ठी आणि तिन्ही पाकिटं घेऊन मिरजेला त्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. रक्ताची साधी तपासणी, बी-१२ आणि रक्तातलं तांबं, तिन्ही एकदम बघायला सांगा म्हटलं. चिठ्ठी घडी घालून त्यांनी खिशात ठेवली, झिंकचं पाकीट माझ्याकडेच सरकवलं आणि पायरी उतरता उतरता परत वळले.

"ताई, घरात मंडळींचंबी असंच पाकीट हाय. दोघांनी एकदमच चालू केलती. उद्या तिलाबी घेऊन येतो."